ओसरीवरची पार्थिव पूजा

उमरखेडला हायस्कूल सुरू झाले आणि आमच्या देवस्थानाच्या संस्कृत पाठशाळेतील विद्यार्थी एकेक करून तिकडे गेले. त्यांना दोष देण्याचे कारण नव्हते. इंग्रजी आल्यावाचून कचेरीत कोणी उभे करीत नसे. मी पाठशाळेचा अध्यापक होतो. शिष्य गेले, मी राहिलो, आणि महादेवाच्या देवळाच्या दक्षिणेस असलेल्या पाठशाळेच्या खोल्या व त्यांपुढची लांब ओसरी रिकामी झाली. त्या जागेत पुढे जे घडले त्याची ही हकीकत आहे. काळ साठ सालाच्या मागचा-पुढचा.

प्रथम एक वृद्ध बाई आली. तिचा मुलगा दुसऱ्यांच्या शेतात मजुरीस जात असे आणि सूनही जात असे. घरात एकटी राहिली की म्हातारी उठून कपाशीच्या शेतातून चालू लागे, व संध्याकाळी तिला शोधण्यास सारा मोहल्ला निघे. मुलाने देवस्थानाच्या पंचांकडे येऊन विनवणी केली. पंचांनी पाठशाळेची एक खोली दिली आणि अन्नछत्रातून जेवण ठरवून दिले. ही गोष्ट आसपासच्या गावांत कळली. मग एक म्हातारा लोहार आला. त्याच्यानंतर आणखी काही आले. अशा माणसांस लोक भ्रमिष्ट म्हणत. मी स्मृतिभ्रंश हा शब्द वापरीत असे. गीतेच्या अध्ययनात तो शब्द क्रोधाच्या परिणामांमध्ये आला होता. पण या माणसांपैकी कोणी विशेष रागीट असल्याचे मला आढळले नाही. देखरेखीचे काम पंचांनी माझ्यावर सोपविले, कारण मला दुसरे काम उरले नव्हते.

आज शहरांत अशा वृद्धांसाठी संस्था निघाल्या आहेत, असे ऐकतो. आमच्यापुढे कोणताही नमुना नव्हता. जे होते ते देऊळ होते, आणि देवळाचा दिवस बांधलेला असतो. पहाटेची काकडआरती, सकाळचा अभिषेक, दुपारचा नैवेद्य, सायंकाळची धूपारती. ज्याला वार आणि महिना सांगता येत नसे त्यालाही घंटा ऐकू येत असे. म्हणून आम्ही आंघोळ, जेवण, विश्रांती आणि दिवेलागणीचे बसणे ही सर्व घंटेला जोडून टाकली. जेवा असे कोणाला म्हणावे लागत नसे. नैवेद्याची घंटा झाली की लोहार आपण होऊन भिंतीशी जाऊन बसे. प्रत्येकाची जागा कायम, प्रत्येकाचा तांब्या त्याच्याच कोनाड्यात. उंबरठ्याला दर सणाला चुन्याचा पट्टा ओढीत असू, म्हणजे मंद दृष्टीच्या माणसाचा पाय अडखळू नये.

पहिल्या वृद्ध बाईच्या हाताला कापसाची सवय होती. तिला रोज टोपलीभर कापूस दिला की ती सरकी वेगळी करून वाती वळीत बसे. त्या वाती देवळात खरोखरच जळत. तिला कामात गुंतवावे म्हणून खोटे काम दिले असते तर ते तिला कळले असते, असे मला अजूनही वाटते.

एक प्रश्न मला पुष्कळ दिवस सुटला नाही. ही माणसे मेलेल्या आप्तांची चौकशी करीत. खरे सांगावे तर त्यांना दर वेळी तेच दुःख नव्याने होई. खोटे बोलावे तर माझी वाणी मला आड येई. शेवटी असे ठरले की खोटे बोलायचे नाही, आणि मृत्यूची वार्ताही पुन्हा द्यायची नाही. हातातले काम पुढे करायचे. “आधी वाती होऊ द्या,” असे म्हटले की बाई मान डोलवून वातींकडे वळे.

या सर्वांची शरीरसेवा करणारा मनुष्य चाळिशीचा होता. ओढ्यापलीकडच्या वस्तीत राहत असे. त्याच्या घराण्याने छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला होता. त्याच्या स्वतःच्या वडिलांना हाच विकार होऊन गेला होता आणि त्याने त्यांचे सर्व केले होते, म्हणून आम्ही त्याला बोलावले. कामावर येताना त्याने पंचांसमोर एकच अट सांगितली.

“आंघोळ घालीन, जेवू घालीन, घाण काढीन. पन देवाच्या कामाले हात लावणार नाई. देवळातही येणार नाई.”

“देवळात यायले आता तुमाले कोणाची मनाई हाय?” असे पंचांपैकी एकाने विचारले.

“मनाई होती तवा याचं होतं,” तो म्हणाला. “आता नाई याचं.”

अट मान्य झाली. मी स्वतः नित्यकर्म सोडले नव्हते, आणि ज्याने आपला नेम विचारपूर्वक बांधला आहे त्याच्याशी माझे पटते.

आता मुख्य गोष्ट. आमच्या देवळाचे वृद्ध पुजारी तरुणपणापासून महादेवाची पूजा करीत आले होते. लोक त्यांना महाराज म्हणत. पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. वय झाल्यावर पूजा पुतण्याकडे गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची स्मृती जाऊ लागली. पत्नी गेल्याचे ते विसरले, पुतण्याचे नाव विसरले, जेवल्याचे विसरले. पूजा मात्र विसरले नाहीत. न्यास, ध्यान, अभिषेक, सर्व मंत्र स्वरांसहित त्यांना येत. पूजा केल्याचे तेवढे त्यांच्या स्मरणात राहत नसे.

यामुळे जे व्हायचे तेच झाले. सकाळचा अभिषेक आटोपला की महाराज पुन्हा आंघोळ करून गाभाऱ्यात शिरत, वाहिलेली फुले उतरवीत आणि प्रारंभापासून पूजा मांडीत. दुपारी देवाला विश्रांती असताना पिंडीवर पाण्याची धार चाललेली असे. एका सोमवारी प्रदोषकाळी पुतण्याने चांदीचा मुखवटा चढवून शृंगार पुरा केला होता, बाहेर नारळ घेऊन माणसे उभी होती, आणि महाराजांनी मुखवटा उतरवून बाजूला ठेवला व पिंडी धुण्यास आरंभ केला. पुतण्याने त्यांचा हात धरला.

“काका, झाली पूजा.”

“कोणी केली? सोड. देव सकाळपासून तसाच आहे.”

ते रडू लागले. लोकांनी ते पाहिले. देवस्थानाचे अध्यक्ष, जे गावचे पाटील होते आणि ज्यांची कपाशीची व तुरीची मोठी शेती होती, तेही रांगेत उभे होते. पाटील वाईट मनुष्य नव्हते. देवाची पूजा वेळच्या वेळी व्हावी हे पाहणे त्यांचे कर्तव्य होते.

त्याच दिवशी त्यांनी मला बोलावले. “गुरुजी, महाराजाले तुमच्याकडे ओसरीत ठेवा नाहीतर कुठी ठेवा. गाभाऱ्यात नाई पायजेत. जमत नसन तर नागपूरले वेड्याच्या दवाखान्यात नेऊन देतो. तिथे डाक्टर असतात.”

“ते वेडे नाहीत, पाटील.”

“मंग काय हायत?”

मी एवढेच म्हणालो की थोडा अवधी द्यावा.

“शिवरात्रीपर्यंत,” पाटील म्हणाले. “शिवरात्रीले पार फुलसावंगीपासून बंड्या भरून लोक येतात. त्या दिवशी महाराज गाभाऱ्यात शिरले, तर दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं नागपूर. मंग माह्यासंगं बोलू नोका.”

नागपूरचे ते इस्पितळ मी पाहिलेले नव्हते आणि त्याविषयी बरेवाईट बोलण्याचा मला अधिकार नाही. पण तेथे महाराजांना पूजा करता आली नसती, आणि पूजेवाचून त्यांच्याजवळ काही उरलेले नव्हते.

महाराज ओसरीत राहावयास आले. दरवाजा लावून त्यांना अडवावे, असे पुतण्याचे म्हणणे पडले. आम्ही एक दिवस लावून पाहिला. ते दाराशी बसून लाकडावर हात मारीत राहिले, आणि त्यांच्या आवाजाने आतील वृद्ध बाईने वाती टाकून दिल्या. दरवाजा उघडावा लागला.

मी विचार करीत होतो. प्रतिष्ठापना झालेल्या मूर्तीची पूजा काळाशी बद्ध असते. ती मनात येईल तेव्हा पुन्हा मांडता येत नाही. परंतु पार्थिव पूजा निराळी आहे. शुद्ध माती घ्यावी, अंगठ्याएवढे शिवलिंग करावे, त्यात देवाचे आवाहन करावे, पूजा करावी आणि लगेच विसर्जन करावे. माती पाण्यात जाते, देव स्वस्थानी जातो, मागे काहीच राहत नाही. अशी पूजा दिवसातून किती वेळा करावी याला बंधन नाही. पूजा झाल्याचे महाराज विसरत. येथे प्रत्येक पूजा नवीच होती. तेव्हा विसरण्याने येथे कोणताही दोष उत्पन्न होत नव्हता.

मी ही गोष्ट सेवकाला सांगितली. त्याच्या अटीची मला आठवण होती, म्हणून माती मीच आणीन असे म्हणालो.

“तुम्ही कायले? मी आणतो. वावरातली माती मातीच हाय. बाबाजीचा हात लागल्यावर पुढचं त्याहीचं ते पाहातीन.”

तो विहिरीमागच्या शेतातून काळी माती खणून आणी, खडे वेचून, पाणी घालून मळून ठेवी. अन्नछत्राच्या स्वयंपाकीण बाई बेलाची पाने व अक्षता एका तबकात ठेवीत. महाराजांना मातीसमोर बसविल्याबरोबर त्यांचे हात चालू लागले. पहिल्या दिवशी ते नैवेद्याच्या घंटेपर्यंत एकदाही देवळाकडे उठून गेले नाहीत.

आंघोळीची व्यवस्था सेवकानेच बसविली. महाराज जुन्या सोवळ्यातले होते. कोणाचा स्पर्श झाला की पुन्हा आंघोळ, आणि थंडीच्या दिवसांत अशा वारंवार आंघोळीने त्यांना खोकला जडला होता. सेवक त्यांना पाटावर बसवून सर्व अंग चोळून आंघोळ घाली आणि शेवटचा तांब्या त्यांच्याच हाती देई. तो त्यांनी आपल्या हाताने डोक्यावर ओतला की त्यांच्या लेखी मागचे सर्व धुऊन जाई. मग कोरडे धोतर दोरीवरून स्वतः काढून नेसत.

त्या शेवटच्या तांब्याचा अर्थ मला ठाऊक होता. तो सेवकालाही ठाऊक असणार. मी एकदा विचारले, “तुला याचे काही वाटत नाही?”

“वाटते न जी,” तो पंचा पिळीत म्हणाला. “पन बुढ्याची आंघोळ झाली पायजे का नाई?”

महाराज रोज सकाळी त्याला नव्याने ओळख विचारीत. “तू कोण?”

“तुमचा सांभाळ करणारा.”

“कोणापैकी?”

“बौद्ध हाय, बाबाजी.”

महाराज विचारात पडत. ते विद्वान होते. “बौद्ध म्हणजे तर फार पूर्वीचे लोक. आमच्या गावात कधी आले?”

“आत्ताच आलो जी.”

“बरे केले,” असे म्हणून महाराज तांब्यासाठी हात पुढे करीत. हा संवाद इतक्या वेळा झाला की स्वयंपाकीण बाई चुलीशी बसून तो सेवकाच्या आधीच पुटपुटत असत.

माझ्या योजनेत एक उणीव राहिली होती, आणि ती चार दिवसांत सर्वांना दिसली. महाराज लिंग करीत, आवाहन करीत, पूजा करीत. आणि विसर्जनापूर्वीच, पूजा व्हायची आहे असे वाटून, दुसरे लिंग करावयास घेत. आवाहन आणि पूजा त्यांच्या हातात होती. विसर्जन त्यांच्या सेवेत कधी आलेच नव्हते, कारण देवळातल्या महादेवाला जन्मभर कोणी निरोप दिला नव्हता. आमच्याकडची काळी माती चिवट. वाळली की दगड होते. ओसरीच्या कडेने बेलपत्र वाहिलेल्या लिंगांची एक रांग झाली, मग दुसरी झाली, मग ती दारापर्यंत येऊन पोहोचली.

ती कोणी उचलीना. ज्यात देवाचे आवाहन झाले आहे आणि विसर्जन झालेले नाही ते हलवावे कसे? मी त्या आठवड्यात एका लग्नकार्यासाठी घाटंजीला गेलो होतो. स्वयंपाकीण बाईंनी ओसरी झाडणे थांबविले, आणि जेथे रांग नव्हती तेवढ्यातूनच पाय उचलून त्या ये-जा करीत. लोहाराला बाहेर जाण्याची वाट राहिली नाही, तेव्हा सेवक त्याला लहान मुलासारखा उचलून देवांवरून पलीकडे नेई आणि परत आणी.

मी परतलो त्याच सकाळी पाटील ओसरी पाहावयास आले होते. पायरीशीच त्यांनी वहाणा काढल्या आणि ते उभे राहिले. पुढे पाऊल टाकण्यास जागा नव्हती.

आतून वृद्ध बाईने हाक दिली, “कोण उभं हाय? या न आत, बसा.”

“येतो, माय,” पाटील म्हणाले. पण येऊ शकले नाहीत. माझ्याकडे वळून ते म्हणाले, “गुरुजी, एक देव सांभाळणं होत नव्हतं म्हून महाराजाले इकडे पाठवलं. तुम्ही तर इथे गावच्या गाव वसवलं!”

महाराज वर पाहत नव्हते. त्यांचे नवे लिंग चालले होते.

पाटलांनी सेवकाला पाहिले. “अरे, तू उचल न हे. तुले काय दोष लागते? तू तर मानतच नाईस.”

सेवक लोहाराचे हात धुवीत होता. त्याने काम थांबविले नाही. “मानत नाई म्हून मीच उचलू? पयले मानत होतो तवा बी घाण आमालेच उचलाले सांगत होते, पाटील.”

“घाण कोण म्हणते? देव हायत ते!”

“मंग तुम्हीच उचला.”

स्वयंपाकीण बाईंनी तोंडाला पदर लावला. पाटील संतापले असावेत. सेवक पुढे शांतपणे म्हणाला, “मले ते मातीच हाय जी. पन बुढा दिवसभर त्याच्यापाशी बोलते. त्याच्यासमोर उचलून फेकू काय?”

मी आंघोळ करून आलो. मोठे घंगाळ पाण्याने भरून ओसरीच्या टोकाला ठेवविले. यजमान वृद्धत्वामुळे असमर्थ असेल तर त्याच्या वतीने दुसऱ्याने कर्म पुरे करावे, ही सोय शास्त्रात आहे. मी महाराजांच्या वतीने संकल्प केला, सर्व लिंगांवर अक्षता वाहिल्या आणि विसर्जनाचा मंत्र म्हटला. मग ती पाण्यात सोडायची होती. माझ्याने एकट्याने इतक्या वेळा वाकणे होईना. पाटील सकाळी स्नान करूनच आलेले होते. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि ओंजळीओंजळीने देव घंगाळात नेऊन ठेवू लागले. पाणी काळे होत गेले. काम संपल्यावर कमरेवर हात ठेवून ते म्हणाले, “शिवरात्रीची गोष्ट कायम हाय, गुरुजी.”

त्या दिवसापासून आमच्या व्यवस्थेत एक घंटा वाढली. धूपारती झाली की मी ओसरीवर येऊन दिवसभराच्या सर्व लिंगांचे विसर्जन करीत असे. घंगाळातले पाणी व माती बेलाच्या मुळाशी जाई. आवाहन महाराजांचे आणि निरोप माझा, अशी ही वाटणी झाली. मी कोठे बाहेरगावी जाण्याचे सोडून दिले. माती सेवकाची, बेल बाईंचा, आणि निरांजनात जळणारी वात आतल्या वृद्ध बाईची. मी ही व्यवस्था विचारपूर्वक रचली, असे म्हणता येणार नाही. एकाला जे करता येत नव्हते ते दुसऱ्याने उचलले, आणि कोणाला काय करायचे नव्हते याचाही मान राहिला.

तरीही महाराज देवळाकडे अधूनमधून जात. कळसाकडे पाहून उभे राहत, मग सेवक “बाबाजी, माती सुकून राह्यली” असे म्हणे आणि ते परत फिरत. एकदा मात्र ते सभामंडपापर्यंत गेले. सेवक पायरीशी थांबला, कारण तो त्यापुढे जात नसे, आणि मला धावावे लागले. पुतण्याने ती गोष्ट पाटलांना सांगितली नाही.

शिवरात्र आली. रस्त्यावर पहाटेपासून बैलबंड्यांची रीघ होती. कपाशीची वेचणी संपत आली होती, लोक मोकळे होते. सभामंडपात आम्ही काही जण रुद्राचे पठण करीत बसलो होतो. मला तेथून उठणे शक्य नव्हते. गाभाऱ्यात पुतण्या एकटा अभिषेक करीत होता, आणि दाराशी पाटील स्वतः उभे राहून रांग आत सोडीत होते. ओसरीत सेवक महाराजांपाशी बसला होता. त्यांच्यावर लक्ष ठेव असे मी त्याला सकाळीच सांगून ठेवले होते, आणि त्यानेही मला सांगून ठेवले होते की म्हाताऱ्याला बळे धरून ठेवणे त्याच्याने होणार नाही.

दुपार उलटल्यावर घंटांचा आवाज वाढला, तसे महाराज उठले. मला ते पायऱ्या चढताना दिसले. दोन्ही हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, अंगावर सोवळे. मागून सेवक आला आणि शेवटच्या पायरीखाली थांबला. तेथूनच त्याने हाक मारली, “गुरुजी! बाबाजी येऊन राह्यले!”

माझ्या मुखात मंत्र होता. तो मध्ये तोडता येत नाही. मी पठण चालू ठेवले आणि पाहत राहिलो.

लोक बाजूला झाले. त्यांनी महाराजांच्या हातून तीर्थ घेतलेले होते. काही जण वाकून पाया पडले. महाराज गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी पोहोचले. पाटील त्यांच्या वाटेत उभे होते. पाटलांनी हात पुढे केला, तो अडविण्यासाठी होता की आधार देण्यासाठी हे मला तेथून कळले नाही, आणि बहुधा त्यांनाही ठरविता आले नसावे.

महाराजांनी आत पाहिले. पुतण्याच्या हातातली धार थांबली.

“इथली पूजा कोणाकडे आहे?” महाराजांनी विचारले.

“माझ्याकडे, काका.”

“नेमाने करता?”

“करतो.”

“पाणी बेताने घाला,” महाराज म्हणाले. “थंडी अजून गेलेली नाही.”

रांगेतले कोणी हसले नाही. पाटलांचा हात अजून तसाच पुढे होता. ते हळूच म्हणाले, “महाराज, आत येता काय? आज शिवरात्र हाय.”

त्यांनीच ते विचारले. मी ते स्पष्ट ऐकले.

महाराजांनी आपल्या हातांकडे पाहिले. माती सुकून भेगाळू लागली होती. “नाही,” ते म्हणाले. “माझे देव बाहेर खोळंबले आहेत.” आणि ते वळले. पायरीशी सेवकाने त्यांच्या दंडाला धरले. मातीच्या हातांनी महाराजांनी त्याचा खांदा धरला आणि दोघे ओसरीकडे गेले.

सायंकाळी धूपारतीनंतर मी विसर्जनाला आलो. त्या दिवशी लिंगे नेहमीपेक्षा पुष्कळ होती; घंटांमुळे महाराजांच्या हातांना विश्रांती मिळाली नव्हती. मी अक्षता वाहत होतो, तोच पाटील देवळातून आले. दिवसभर उभे राहून त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी पायरीशी वहाणा काढल्या, सोगा खोचला आणि ओंजळीत देव घेतले. नागपूरचे किंवा एस.टी.चे ते काही बोलले नाहीत.

महाराज भिंतीला टेकून बसले होते. घंगाळात विरघळणाऱ्या मातीकडे पाहून त्यांनी विचारले, “हे काय चालले आहे?”

“विसर्जन,” मी म्हणालो.

“सगळ्यांचे झाले?”

“झाले.”

“मग उद्याची माती सांगून ठेवा.”

सेवक वृद्ध बाईला घास भरवीत होता. त्याने पाटलांकडे पाहिले. पाटील घंगाळावर वाकून हात धूत होते. त्यांनी वर न पाहता होकाराची मान हलविली.

“आणतो जी,” सेवक म्हणाला.